जुनी जीप, जुना पिकअप : घरी काय दुरुस्त करायचं, मेकॅनिककडे काय न्यायचं आणि कुठला बदल आरटीओला विचारल्याशिवाय करायचा नाही? वाचा सविस्तर

बाजाराच्या दिवशी पहाटे चारला हौद्यात कॅरेट भरलेत, आणि गाडी नुसतीच 'घर्र घर्र' करतेय, सुरू व्हायचं नाव नाही. असा अनुभव जुनी जीप किंवा पिकअप असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी आलेला असतो. तालुक्याचा मेकॅनिक नऊशिवाय गॅरेज उघडत नाही, आणि तोवर माल पडून राहतो. म्हणून गावाकडं जुनी गाडी ठेवणारा माणूस थोडाफार मेकॅनिक होतोच.

ते चांगलंच आहे. या गाड्यांची रचना साधी आहे, सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि बरीच कामं घरच्या पान्यांनी होतात. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा : गाडी सुरू झाली नाही तर एक बाजार बुडतो, पण गाडी थांबली नाही तर माणूस जातो. कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं नाही, हे यावरूनच ठरवायचं.

आधी आपली गाडी ओळखा

आपल्याकडच्या जीपचं मूळ अमेरिकेतल्या विलीज जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकातच महिंद्रानं मुंबईत या जीपची जोडणी सुरू केली. पुढं पेट्रोलची जागा डिझेल इंजिनानं घेतली आणि त्याच घराण्यातून लांब चेसीच्या गाड्या, कमांडर, मार्शल आणि नंतर २००० च्या दशकात बोलेरो पिकअप गावोगाव पोहोचल्या.

गावात दोन प्रकारची जुनी डिझेल इंजिनं जास्त दिसतात. एमएम ५४० मध्ये प्युजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसीचं इंजिन येतं. याला हीटर प्लग असतात. थंडीत आधी हीटर तापू द्यायचा, मग सेल मारायचा. 'डीआय' लिहिलेल्या जुन्या कमांडर, मार्शल, पिकअपमध्ये २५२३ सीसीचं इंजिन येतं, त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. या इंजिनांचे सुटे भाग एकमेकांना चालत नाहीत. त्यामुळं दुकानात जाताना नुसतं 'जीपचा फिल्टर द्या' म्हणू नका. मॉडेल, वर्ष आणि इंजिन नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. जुना भाग सोबत नेला तर अजून बरं.

गाडी जुनी घेतलेली असेल तर चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. बऱ्याच जीपमध्ये आधीच्या मालकानं इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर जुनंच राहिलेलं असतं. हे घेतानाच बघायचं, फिटनेसच्या रांगेत नाही.

गाडीखाली शिरण्याआधी

घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपणं. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. सील सुटलं की तो क्षणात बसतो.

- गाडी सपाट, कडक जागेवर घ्या. शेणामातीच्या अंगणात जॅकखाली जाड फळी घाला.
- जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेकवर भरवसा नको. जुन्या जीपमध्ये तो बहुतेक वेळा नावालाच असतो.
- अॅक्सलखाली लोखंडी घोडे लावूनच खाली शिरा. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक अजिबात नको, ते अचानक फुटतात. घोडे नसतील तर सोडलेलं चाक तरी चेसीखाली आडवं सरकवून ठेवा.
- बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

चाक काढताना एक जुनी गोम. विलीज वळणाच्या काही जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर दिसलं तर तो नट उजवीकडं फिरवून सुटतो. नेहमीच्या सवयीनं जोर लावला तर स्टड तुटतो. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

गाडीनं 'एअर घेतली' तर

डिझेल संपलं, फिल्टर बदलला किंवा पाइप उसवला की डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते. पंप हवा दाबू शकत नाही, म्हणून सेल फिरतो पण इंजिन धरत नाही. हे काम घरी होतं :

१. टाकीत पुरेसं डिझेल आहे का बघा. काटा बंद असेल तर काठी घालून बघा.
२. डिझेल फिल्टरच्या वरचा हवा काढायचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करा.
३. हातपंप दाबत राहा. आधी फेस, बुडबुडे येतील. बुडबुड्याशिवाय स्वच्छ धार आली की पंप दाबत असतानाच बोल्ट आवळा.
४. डिझेल पंपावरच्या हवेच्या बोल्टाला हेच पुन्हा करा.
५. तरीही धरत नसेल तर नोझलकडच्या दोन पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल मारा. डिझेल ठिबकायला लागलं की आवळून घ्या.

सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरी आणि सेल दोन्ही बसतात. नोझलकडच्या पाइपातलं डिझेल फार दाबानं येतं. ते कातडी भेदून आत जाऊ शकतं. म्हणून गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. धार हाताला लागून बारीकसं छिद्र पडलं तर 'काही नाही, खरचटलंय' म्हणून सोडू नका. लगेच दवाखाना गाठा आणि डिझेल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

वारंवार एअर घेत असेल तर दोष टाकी आणि हातपंपाच्या मधल्या भागात शोधा. इथला पाइप चिरला तर बाहेर गळत नाही, उलट आत हवा ओढतो. त्यामुळं डोळ्याला काही दिसत नाही. जुने रबरी पाइप, क्लिपा आणि तांब्याचे वायसर बदलले की बहुतेक वेळा काम होतं.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. पंपाचे आतले भाग डिझेलच्या चिकटपणावरच वंगण घेतात. रॉकेलनं पंप झिजतो आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट पंपाच्या कामात जातात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात सुरू करण्यासाठी इथरचा स्प्रे मारणंही धोक्याचं, इंजिन फुटू शकतं.

धूर काय सांगतो?

- काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर साफ करा. तरी काळाच असेल तर नोझल आणि पंप तपासायला न्या.
- निळा धूर : इंजिन ऑइल जळतंय. रिंग किंवा व्हॉल्व्हचं काम आहे.
- पांढरा धूर : सकाळी थोडा वेळ असेल तर चालतं. गरम झाल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

एअर क्लीनर ऑइलचा असेल तर भांड्यातल्या खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन तेच ऑइल ओढून चावी बंद केली तरी पळत सुटतं. असं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

गाडी तापते? बोअरचं पाणी बंद करा

आपल्याकडं रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. या पाण्याची खर जशी पातेल्याला चढते तशीच ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढते. नळ्या बुजल्या की घाटात काटा लाल होतो. कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा आणि मिसळायचं पाणी खनिज काढलेलं, म्हणजे बॅटरीसाठी मिळतं तसं वापरा.

गाडी तापल्यावर झाकण लगेच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजल्याचे प्रकार नेहमी होतात. अर्धा तास थांबा, जाड ओलं फडकं टाकून हळूच उघडा. पट्टा अंगठ्यानं दाबला तर साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत अडकलेला कचरा मागच्या बाजूनं हलक्या पाण्यानं धुवा. अनेकदा एवढ्यानंच फरक पडतो. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नाही. त्यानं इंजिन नेहमी थंड राहतं आणि डिझेल जास्त खातं.

ऑइलची काडी काढल्यावर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. गाडी तिथंच थांबवा, ओढून न्या.

ब्रेक : इथं 'चालतंय की' नको

जुन्या जीपमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर बऱ्याचदा एकच खणाचा असतो. म्हणजे चारपैकी एका चाकाचा पाइप फुटला तरी चारही ब्रेक जातात. त्यामुळं या गाडीत छोटी गळती असं काही नसतं.

घरी बघता येतील अशा गोष्टी : ब्रेक ऑइलची पातळी, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल, रबरी पाइपांना भेगा, लोखंडी पाइपांचा गंज. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. दोन-तीनदा मारल्यावरच ब्रेक लागत असेल तर लायनर झिजलेत, अॅडजस्टमेंट सुटलीय किंवा लाइनमध्ये हवा आहे.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल सैल करून पुन्हा आवळायचा, मगच पॅडल सोडायचं. मध्ये टाकी रिकामी होऊ देऊ नका. बाहेर आलेलं ऑइल पुन्हा भरू नका.

तीन गोष्टी कधीच करू नका :
- ब्रेकमध्ये इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल घालणं. रबर फुगतात आणि ब्रेक जाम होतात किंवा जातात. झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच ब्रेक ऑइल घाला. उघडून पडलेला जुना डबा वापरू नका, हे ऑइल हवेतली ओल शोषतं.
- गळणाऱ्या चाकाचा पाइप ठोकून बंद करून गाडी चालवणं. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.
- ड्रममधली धूळ फुंकणं किंवा हवा मारून उडवणं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. पाण्यानं ओलं करून पुसा.

लायनर, सिलिंडर, मास्टरचं काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. घाटात ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून उतरल्यानं डिझेल वाचत नाही, ब्रेक मात्र तापून सुटतात. ओढा ओलांडल्यावर हळू चालवत पॅडल हलकंसं दाबून ड्रम वाळवून घ्या.

वायरिंग : आगीचं मूळ

लाइट अंधूक झाले की आपण जास्त वॅटचे बल्ब टाकतो. हिशोब बघा. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट. १२ व्होल्टवर १० अँपिअर करंट. हा सगळा करंट जुन्या, बारीक वायरीतून आणि स्विचमधून जातो. १०० वॅटचे टाकले तर तो १६-१७ अँपिअर होतो आणि वायर आतल्या आत वितळते. ठरलेल्यापेक्षा जास्त वॅटचे बल्ब नियमातही बसत नाहीत.

खरा इलाज स्वस्त आहे. बॅटरीपासून जाड वायर, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज आणि मध्ये रिले. स्विचमधून फक्त रिलेचा थोडा करंट जातो आणि बल्बला पूर्ण व्होल्ट मिळतात. अर्थिंगचे बोल्ट घासून आवळले तर तेच बल्ब लख्ख पेटतात. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कधीच लावू नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला तर साधारण १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. फार कमी असेल तर चार्जिंग नाही, १५ च्या वर असेल तर बॅटरी उकळते.

पाटे, हौदा आणि वेल्डिंग

सगळ्यात जास्त होणारा बदल म्हणजे मागं एक-दोन पाटे वाढवणं. पाटे वाढवल्यानं गाडी बसत नाही हे खरं. पण ब्रेक तेच, अॅक्सल तोच, टायर तेच आणि चेसी तीच राहते. गाडीची ताकद वाढलेली नसते, फक्त ओझं दिसत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन म्हणजे गाडी, माल आणि माणसं धरून. त्यावर जाऊ नका. तुटलेला पाटा बदलताना त्याच मापाचा घ्या. यू-बोल्ट नवे लावा आणि थोडी चालवल्यावर पुन्हा आवळा.

हौद्याचा पत्रा कुजला असेल तर घरी काम होतं. गंज घासून काढा, रेड ऑक्साइड मारा, मग रंग. वेल्डिंग करायचं तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. डिझेल टाकी जवळ असेल तर ती उतरवूनच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. टाकीला घरी वेल्डिंग नको. चेसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नका, तिथूनच तडा जातो. स्टेअरिंगचे रॉड, पाटे आणि अॅक्सल यांना वेल्डिंगचा जोड कधीच नाही. तुटलं तर बदला.

मोठे टायर टाकणाऱ्यांनीही हिशोब करा. टायरची उंची दहा टक्के वाढली तर मीटरवर ६० दिसताना गाडी ६६ नं पळते, आणि ब्रेक तेवढेच कमी पडतात. फोर-व्हील असलेल्या जीपमध्ये डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळू नका. पुढच्या-मागच्या चाकांचा फरक मोकळा होत नाही आणि गिअर, क्रॉस, शाफ्ट यांवर ताण येतो. ते चिखलासाठी आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं मूळ दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

- विचारायची गरज नाही : झिजलेला भाग त्याच प्रकारच्या नव्या भागानं बदलणं, सर्व्हिसिंग, गंजकाम, त्याच रंगात रंगवणं.
- आधी आरटीओला विचारा : इंजिन बदलणं, रंग बदलणं, सीएनजी बसवणं.
- करू नका : चेसी कापणं किंवा वाढवणं, हौद्यात प्रवाशांसाठी बाकडी बसवणं, पुढं लोखंडी गार्ड लावणं. या गार्डवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय.

खासगी जीपची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मालवाहू पिकअपला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी फिटनेस. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण करही लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवणं बंधनकारक आहे.

आणि शेवटची, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला जाणारे, कामावरचे मजूर यांना पिकअपच्या हौद्यात बसवणं गावात नेहमीचं झालंय. मालवाहू गाडीत असे बसवलेले प्रवासी दगावले तर त्यांची भरपाई विम्यात बसत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. विमा कंपनीनं आधी पैसे भरले तरी ते मालकाकडून वसूल होऊ शकतात. म्हणजे एका फेरीत जमीन विकायची वेळ येते. गेलेला माणूस तर परत येतच नाही.

महिन्यातून एक रविवार

- ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरीचं पाणी यांची पातळी
- डिझेल फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून पाणी काढणं
- शाफ्टचे क्रॉस, शॅकल, स्टेअरिंगचे जोड यांना ग्रीस
- गिअर बॉक्स आणि हौजिंगच्या ऑइलची गळती
- यू-बोल्ट, चाकाचे नट, इंजिन फाउंडेशन
- टायरची हवा, स्टेपनीसुद्धा
- सगळे लाइट, मागचे लाल रिफ्लेक्टर

काढलेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या. गाडीत कायम ठेवा : पट्टा, डिझेल फिल्टर, फ्यूज, दोन मीटर वायर, ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, पाण्याचा कॅन, टॉर्च आणि दोन लाकडी ठोकळे.

प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा. पुढच्या वेळी मेकॅनिककडे गेलात की ही वहीच पुढं करा. काय बदललं, कधी बदललं हे समोर असलं की अंदाजानं भाग बदलत बसायची वेळ येत नाही, आणि तुमचे पैसेही वाचतात.